डिकीतली कचेरी

"टक्! टक्! टक्!"

मामाची गाडी एवढंच बोलली आणि गप्प झाली. मामानं पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी तिनं 'टक्'सुद्धा केलं नाही.

"नवीकोरी बॅटरी! बसवून तीन दिवस नाही झाले!" मामानं स्टिअरिंगवर थाप मारली. "आधीची मेली म्हणून ही आणली, तर हीही मेली!"

गॅरेजच्या दारात तिघं जण उंचीप्रमाणे उभी होती. सगळ्यांत उंच मोजपट्टी. हा मामाचा मुलगा. त्याला 'साधारण' हा शब्द अजिबात खपत नसे. साधारण म्हणजे किती, ते त्याला कळायलाच हवं. मधे फौजदार, वय वर्षं बारा. घरात कुणाचा चष्मा किंवा किल्ली हरवली की ती सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची, म्हणून तिच्या आजोबांनी हे नाव ठेवलं होतं आणि तिला ते फार आवडायचं. शेवटी तिचा सात वर्षांचा भाऊ डिंक. एकदा मागे लागला की सुटायचा नाही.

"मामा, यात काहीतरी काळंबेरं आहे!" फौजदार म्हणाली.

"आहेच मुळी! पण काय आहे?"

"ते आमच्यावर सोड!"

मामा हसला, बॉनेट उघडून आत डोकावला आणि चहा प्यायला घरात गेला. सुट्टी लागून दहा दिवस झाले होते आणि अजून एकही प्रकरण हाती लागलं नव्हतं. आता लागलं! मामाची पाठ वळताच तिघं गाडीच्या मागच्या बाजूला पळाली.

तिथे त्यांची कचेरी होती. म्हणजे गाडीची डिकी. घरात बसलं की मामी भाजी निवडायला बसवायची, म्हणून तिघांनी ही जागा शोधली होती. मामा रजेवर होता, गाडी क्वचितच बाहेर निघायची. डिकीत एक जुनी सतरंजी, बिस्किटांचा डबा आणि तपासाची वही. शिवाय झाकण उघडलं की आत दिवा आपोआप लागायचा! असा थाट खऱ्या पोलिसांकडे तरी असेल का? फक्त एक अडचण होती. झाकण पूर्ण बंद झालं की किल्लीशिवाय उघडत नसे, आणि आत कुणी अडकलं तर पंचाईत. म्हणून मोजपट्टीनं डिंकचा एक पायमोजा घडी करून कुलपाच्या खाचेत दाबून बसवला होता. बाहेरून डिकी बंद दिसे, पण हातानं उचलली की उघडे.

"दिवा पुन्हा गेला," डिंक कुरकुरला.

"गेल्या आठवड्यातही गेला होता. मग आपोआप बरा झाला," मोजपट्टी म्हणाला.

"दिव्याचं राहू दे!" फौजदारनं वही उघडली. "आधी बॅटरी बघू."

मामानं बॉनेट उघडंच टाकलं होतं. तिघांनी आत डोकावून पाहिलं. हात लावायचा नाही, एवढी सक्त ताकीद होती. फौजदारनं टॉर्च मारला आणि तिचे डोळे चमकले. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बारीक ओरखडे होते!

"नव्या वस्तूवर ओरखडे कसे? ही आधी कुणीतरी वापरलीय! पुसूनबिसून नवी म्हणून विकलीय!"

"साधारण किती जुनी असेल?" डिंकनं विचारलं, आणि मोजपट्टीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला.

बॅटरी विकणाऱ्या मावशींचं दुकान कोपऱ्यावर होतं. नवी बॅटरी त्यांनी स्वतः येऊन बसवली होती. संशयिताला पकडण्याआधी पाळत ठेवावी लागते, म्हणून तिघं दुपारभर समोरच्या टपरीमागे दडून बसली. मावशींच्या निळ्या ॲप्रनला पुढून बारीक बारीक भोकं पडलेली होती. बॅटरीतलं ॲसिडचं पाणी उडालं की कापड असं खातं. दुकानात मागे बॅटऱ्यांची रांग होती आणि एका बाकावर दोन बॅटऱ्या तारा लावून चार्जिंगला ठेवल्या होत्या. मावशी एका गिऱ्हाइकाला समजावत होत्या आणि मोजपट्टी शब्द न् शब्द वहीत उतरवून घेत होता.

"घरी बदलणार असाल तर घाई नको. गाडी बंद, किल्ली काढलेली. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. डोळ्यांना चष्मा लावा. आधी काळी तार सोडवायची, मगच लाल. लावताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी."

"असं का हो?"

"काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती आधी निघाली की मग पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना घसरला, तर हात भाजेल. जवळ विडी-सिगारेट तर मुळीच नको, बॅटरीतून वायू निघतो. आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, मला आणून द्या."

"फार गोड बोलते," फौजदार पुटपुटली. "लबाड माणसं अशीच गोड बोलतात. चला!"

इथे तिनं थांबायला हवं होतं. निदान मामाला तरी विचारायला हवं होतं. पण ती फौजदार होती ना! ती तडक दुकानात शिरली. आत चार गिऱ्हाइकं होती. तिनं कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्ही आमच्या मामाला जुनी बॅटरी नवी म्हणून विकलीत! तिच्यावर ओरखडे आहेत! आमच्याकडे पुरावा आहे!"

मावशींनी हातातली तार खाली ठेवली.

"ओरखडे माझ्या तारांच्या चिमट्यांचे असतील. मी प्रत्येक बॅटरी तपासून देते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या मामाला बॅटरी घेऊन यायला सांग. बॅटरीत खोट नसेल, तर गाडीत काहीतरी चालू राहत असेल. तेही बघू."

"चोर कधी कबूल करतो का?" फौजदार म्हणाली.

तिला वाटलं, काय फर्डं बोललो आपण! एक गिऱ्हाईक घड्याळ बघत बाहेर पडलं. मग दुसरं. मग उरलेली दोघंही. मावशी नुसत्या बाकावरच्या तारांकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर मामानं सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अगदी हेच मला वाटत होतं!" खरं तर त्याला असलं काही मुळीच वाटलं नव्हतं. त्यानं लगेच फोन उचलला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहून टाकलं की कोपऱ्यावरच्या दुकानापासून सावध राहा, जुन्या बॅटऱ्या नव्या म्हणून खपवतात. खाली पटापट अंगठे उमटले. फौजदारची छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवशी मामानं लांबच्या बाजारातून दुसरी बॅटरी आणली. "बसवायला कुणी नको! दोन नट तर सोडवायचे. त्यात काय मोठं!"

तो बाह्या सरसावून बॉनेटखाली वाकला. मनगटावर जाडजूड स्टीलचं घड्याळ. बोटात अंगठी. दातात काडी आणि हात थेट लाल तारेकडे!

"थांब, मामा!" तिघंही ओरडली.

"आता काय?"

"आधी काळी! लाल नाही!" मोजपट्टीनं वही फडकवली. "आणि घड्याळ काढा, बाबा! अंगठीपण!"

"अरे, मी काय पहिल्यांदा गाडी बघतोय का? पाना दे इकडे."

पाना कुठे होता? मघाशी तर इथेच होता! मामानं सतरा ठिकाणी शोधलं. डिंक मात्र गॅरेजच्या पायरीवर हाताची घडी घालून, मोठ्या शहाण्यासारखा बसला होता. जरा जास्तच शहाण्यासारखा.

"डिंक, ऊठ."

"नाही उठणार! मी पान्यावर बसलोय. आधी घड्याळ दे!"

"ही काय खंडणी आहे का?"

"आणि अंगठी!" फौजदार म्हणाली. "आणि डोळ्यांना चष्मा!"

मामी खिडकीतून हे सगळं बघत होती. ती बाहेर आली, मामाचं घड्याळ आणि अंगठी ओच्यात घेतली आणि मोजपट्टीचा पोहायचा चष्मा मामाच्या डोळ्यांवर चढवला. निळ्या चष्म्यातला मामा फुगलेल्या बेडकासारखा दिसत होता. सगळ्यांना हसू आवरेना. डिंक उठला. मोजपट्टी वहीतून एकेक वाक्य वाचत गेला आणि मामा तोंडानं कुरकुरत, पण त्याच क्रमानं करत गेला. आधी काळी. मग लाल. वरची पट्टी सोडवून बॅटरी सरळ उचलली, तिरकी न करता. तारांच्या टोकांवरचा पांढरा थर मामीनं सोड्याच्या पाण्यानं पुसला आणि कोरड्या फडक्यानं टिपला. नवी बॅटरी आत गेली, पट्टी आवळली. लाल लावली.

आता काळीचा नट तेवढा राहिला होता. तो आवळताना मामाच्या हातातून पाना निसटला आणि खणकन पत्र्यावर आदळला. काहीच झालं नाही. मामानं पान्याकडे पाहिलं. मग लाल टोकाकडे पाहिलं. मग आपल्या मोकळ्या मनगटाकडे.

"लाल आवळताना हा असा पडला असता, आणि काळी आधीच लावलेली असती तर..." तो म्हणाला, आणि पाना घट्ट धरून त्यानं काळीचा नट आवळला.

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. "डिकीचा दिवापण लागला!" डिंक नाचला. रात्री जेवताना मामानं फौजदारचं इतकं कौतुक केलं की ती लाजून लाल झाली. ते लाजणं वेगळं होतं. खरं लाजणं अजून यायचं होतं.

ते चौथ्या दिवशी सकाळी आलं.

"टक्! टक्!"

"हाही लबाड!" मामा ओरडला. "सगळे दुकानदार एकजात लबाड!"

तिघं कचेरीत जमली. मोजपट्टीनं झाकण उचललं. आत अंधार.

"घ्या! दिवा परत आजारी पडला," डिंक म्हणाला. "गाडी आजारी पडली की हा पण पडतो. गाडी बरी झाली की हा पण बरा."

तो सहज बोलून गेला. पण मोजपट्टी हळूहळू वाकला आणि खाचेतला पायमोजा बोटानं चाचपून पाहू लागला. त्याचा चेहरा पडला.

"झाकण पूर्ण बंद झालं की दिवा विझतो," तो म्हणाला. "आपलं झाकण कधी पूर्ण बंद झालंच नाही."

"पण बाहेरून तर बंदच दिसतं!" फौजदार म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. बाहेरून. आत दिवा दिवसरात्र जळत होता. तीन-तीन दिवस. बॅटरी पिऊन टाकत होता. एक नाही, तीन बॅटऱ्या! 'गाडीत काहीतरी चालू राहत असेल,' असं मावशींनी सांगितलंही होतं. आणि ती काय म्हणाली होती? चोर कधी कबूल करतो का!

सतरंजी, डबा, ती फुशारकीनं भरलेली वही, सगळं तिच्याकडे बघतंय असं तिला वाटलं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं, पण पळणार कुठे? तिची स्वतःचीच कचेरी होती ती.

"पायमोजा काढून टाकू," डिंक कुजबुजला. "मग कुणाला कळणार?"

पायमोजा निघाला. झाकण खट्‌कन बंद झालं. शेजारच्या काकांनी आपल्या गाडीला तारा जोडून मामाची गाडी सुरू करून दिली, मामा लांब फेरी मारून आला आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका किल्लीत सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही.

"बघितलंत?" मामानं नाश्त्याला सगळ्यांना ऐकवलं. "नवी बॅटरी मुरायला वेळ घेते, बाकी काही नाही! आपल्या फौजदारनं ती लबाडी पकडली म्हणून, नाहीतर मी अजून त्याच दुकानात गेलो असतो! ग्रुपवर सगळे विचारतायत, कोण ही हुशार मुलगी?"

फौजदारनं हातातला घास खाली ठेवला. आदल्या संध्याकाळी ती मुद्दाम कोपऱ्यावरून गेली होती. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. मावशी फडक्यानं एकच बॅटरी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"मामा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिलाच ओळखू येईना. "लबाडी झालीच नव्हती. बॅटरी आम्ही संपवली. मी संपवली."

आणि तिनं सगळं सांगितलं. पायमोजा, दिवा, गेले दोन दिवस गप्प बसणं. मोजपट्टीनं मधेच "पायमोजा मी लावला" असं सांगितलं, डिंकनं "पायमोजा माझा होता" असं सांगितलं. मामीनं कपाळाला हात लावला.

मामाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यानं फोन हातात घेतला. "ठीक आहे, ठीक आहे. मी तो मेसेज काढून टाकतो. विषय संपला. उगाच बभ्रा नको."

"अहो, सगळ्यांचा वाचून झालाय तो!" मामी म्हणाली.

"मग काय, आता दवंडी पिटू?"

"मी मोठ्यानं बोलले होते, मामा," फौजदार म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चार माणसांसमोर. मला तिथेच जाऊन बोलायला हवं." आणि मामा काही म्हणायच्या आत ती उठली. पायमोज्यासकट!

कोपरा एवढा जवळ होता, पण आज रस्ता संपता संपेना. मागून मोजपट्टी आणि डिंक येत होते, आणि त्यांच्या बऱ्याच मागून, दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखा, मामा.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. फौजदार दारात उभी राहिली. त्या दिवशी हात आपसूक कमरेवर गेले होते. आज त्यांचं काय करावं ते तिला कळेना.

"मावशी," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, "मावशी! मी तुमच्यावर खोटा आरोप केला! तुमची बॅटरी चांगली होती! डिकीचा दिवा आमच्यामुळे जळत राहिला! तुम्ही लबाड नाही!"

गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. फौजदारचे कान तापून निघाले. तिनं पायमोजा पुढे धरला आणि धरल्यावर तिला आणखीनच लाज वाटली, कारण तो धुतलेला नव्हता.

मावशी हसल्या नाहीत. त्या एका बॅटरीत पाणी घालत होत्या, ते त्यांनी पूर्ण घालून घेतलं.

"तुझ्या मामानं दुसरी बॅटरी स्वतः बदलली म्हणे. हात धड आहेत ना?"

"धड आहेत. आधी काळी काढली, शेवटी काळी लावली. घड्याळ, अंगठी काढायला लावली."

"हे कुणी शिकवलं?"

फौजदारनं मान खाली घातली. "तुम्हीच. आम्ही टपरीमागे लपून तुमच्यावर पाळत ठेवून होतो. तेव्हा ऐकलं."

आता मात्र मावशींच्या ओठांचा कोपरा हलला. पण तेवढाच. "मामाचा हात वाचवलात, हे चांगलं केलंत. आणि आलीस, हेही."

तोवर मामा आत आला होता. त्यानं दोनदा घसा खाकरला. "चूक माझीही आहे. पोरीनं सांगितलं आणि मी न तपासता गावभर केलं. ग्रुपवर आत्ताच खरं काय ते लिहिलंय, माझ्या नावानं." मग तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिला.

"त्या दिवशी इथे चार जण होते," मावशी फौजदारला म्हणाल्या. "त्यातले दोघं ग्रुपवर नाहीत. चौघं याच गल्लीत राहतात. माझ्याकडे कुणीच परत आलं नाही."

त्यांनी तिला जा म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

पहिलं घर शिंपीकाकांचं. सांगता सांगता फौजदारला रडू फुटलं. दुसरं डॉक्टरीणबाईंचं; त्यांनी सगळं ऐकून "पुन्हा सांग" म्हटलं, आणि तिला खरंच पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्या घरच्या टॅक्सीवाल्या दादानं डोळे वटारले. "मी त्यांच्याबद्दल दहा जणांना सांगितलं, पोरी! आता त्या दहांना कोण सांगणार?" तिला वाटत होतं की सांगून सांगून लाज कमी होईल. ती कमी होत नव्हती. प्रत्येक दारात ती नव्यानं लागत होती.

चौथं घर निवृत्त हेडमास्तरांचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. "आपली चूक स्वतःहून दारोदार सांगणारी मुलगी मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. शाब्बास! शाब्बास, फौजदार!"

सुट्टीभर ती या शब्दासाठी तडफडली होती. आता तो ऐकून तिची मान आणखी खाली गेली.

"शाब्बास नका म्हणू, सर," ती म्हणाली. "तुमची बॅटरी घ्यायची राहिलीय ना? मावशींचं दुकान उघडं आहे."

हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा नाकावर घेतला आणि दाराआड ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या.